घुरघुर

दवाखान्याच्या रजिस्टरात मांजरीला रकाना नाही.
गाय, म्हैस, बैल, शेळी, कोंबडी,
आणि शेवटी "इतर". त्यात मी एकदाच
पोडावरून आणलेलं एक माकड लिहिलं होतं.
सव्वीस वर्षं पट्टीबंधक आहे मी.
बैल खोड्यात उभा केला
की कान हातात धरून सांगतो ताप किती,
थर्मामीटर नंतर, डॉक्टरांच्या समाधानासाठी.

तरी सरकीनं मला पहिल्याच आठवड्यात फाडलं.
ती पाठीवर लोळली, पोट वर केलं,
मी खाजवायला हात घातला
तर चारही पंजे मनगटात.
दीक्षा हसून हसून आडवी:
"बाबा, ते पोट देणं नव्हतं,
नुसतं दाखवणं होतं.
लगेच हात काहून घातला?"

तिनंच आणलेली, जिनिंगच्या मागच्या ढिगातून,
राखाडी, अंगभर रुईचे तंतू.
धुतल्यावरही नाव तेच राहिलं.

मग माझी शिकवणी लागली, जेवणं झाल्यावर, ओट्यावर.
शेपूट उभी आणि टोकाला विळ्यासारखा बाक
म्हणजे या, बसा.
शेपूट आपटायला लागली तर माशी शोधू नका बाबा,
ते बैलाचं झालं.
इथं माशी तुम्हीच.
आणि ती बघता बघता डोळे मिटते ना, सावकाश,
तसे तुम्हीही मिटा.
एवढ्या जोरात नाही!
इंजेक्शन बसल्यासारखं काय करता?

चुलीपासून बेबीनंदा म्हणाली,
"माह्याकडे पाहून नाही मिटले कधी डोये."
मी मिटले.
ती म्हणाली, "झोप आली काय?"

पोळ्याच्या आधी दीक्षा वर्ध्याला गेली, नर्सिंगला.
सरकी तीन दिवस तिच्या रिकाम्या फळीवर.
रोज आठला फोन:
कान कसे हायेत तिचे? पुढं.
शेपूट? वर.
मेसचं जेवण कसं?
"चांगलं हाय. मजेत हाय मी, बाबा."

कापूस घरात आला तेव्हा
सरकी खोलीत गंजीमागं जाऊन बसली.
मी फोनवर सांगितलं, खूश आहे, दिवसभर घुरघुरते.
तिकडून काहीच नाही.
मग, "कुठं बसून?"
भिंतीकडं तोंड करून.
"कान?"
आडवे.
"बाबा, तिले दुखून रायलं.
दुखलं तरी घुरघुरतात त्या.
आपणच आपल्याले थोपटल्यासारखं."

पोत्यात धरून बाहेर काढली.
पुढच्या पंज्यात बाभळीचा काटा, आत पू.
काटा निघाला तरी घुरघुर थांबेना.
बांधलेली पट्टी तिनं रात्रीतून फाडली.
सकाळी रजिस्टरात लिहिलं:
इतर. मांजर, मादी, एक.

त्या दिवशी आठला पुन्हा फोन.
मजेत हाय बाबा.
वरणाचं विचारलं, तरी मजेत हाय.
पंख्याचं विचारलं, तरी.
तिसऱ्यांदा मला आवाजाची दिशा ऐकू आली.
"कुठं बसून बोलतेस?"
"जिन्यात."
"एकटीच?"
खूप वेळानं, "हाव."

पुढं विचारणार होतो.
मनगटावरचे जुने ओरखडे दिसले
आणि हात आवरला.

सहा दहाची एस.टी. पकडली.
होस्टेलच्या वॉचमननं रजिस्टर पुढं केलं:
नाव, गाव, कोणाला भेटायचं, कारण.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, जवसाची चटणी.
ती जिना उतरून आली, निम्म्यावर थांबली.
मी पिशवी खाली ठेवली,
काही बोललो नाही,
डोळे मिटले, सावकाश.
या वेळी बरोबर जमलं असावं.